बाईंची पश्चिमेची खिडकी

खिडक्या करून देणाऱ्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला असतो. "मिस्त्री, काच फुटली तर?" पस्तीस वर्षं मी हा प्रश्न ऐकला. "काच तापली तर?" असं विचारणारी गिऱ्हाइकं मात्र एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच भेटली. वास्तविक आपल्या नगर जिल्ह्यात काच फुटते कधीतरी, तापते रोज. (जिल्ह्याचं नाव आता बदललं, पण आमचा एस.टी.चा कंडक्टर अजून नगरच ओरडतो, म्हणून मीही तेच लिहितो.)

आमचं घर श्रीरामपूरचं. वडील मिशनच्या कारखान्यात सुतारकाम शिकले आणि त्यांनी आयुष्यभर सागाच्या खिडक्या केल्या. मी त्यांच्या हाताखाली रंधा धरला, पण मन रमलं ते ॲल्युमिनियममध्ये. चकचकीत, हलकं, वाळवी नाही, रंग नाही. श्रीरामपूर, राहुरी, श्रीगोंदा, जिथं म्हणून बांधकाम निघालं तिथं मी जुन्या लाकडी चौकटी काढून ॲल्युमिनियमच्या बसवल्या आणि स्वतःला मोठा सुधारक समजत राहिलो. वडील फक्त एकदा म्हणाले, "शांतवन, मे महिन्यात त्या चौकटीला आतून हात लावून बघ." मी लावला. चटका बसला. धातू बाहेरचं ऊन जसंच्या तसं घरात आणून देतो, हे सातवीच्या विज्ञानात होतं, आणि मी सातवी पास होतो. तरी पुढची दहा वर्षं मी त्याच चौकटी विकल्या, कारण लोक मागत होते. याची खंत आजही आहे.

लोक काय मागतात हाही एक वेगळाच अभ्यास आहे. एका ऊस बागायतदाराला सगळ्या घराला गडद निळी काच हवी होती, कारण त्यांनी कुठल्याशा दवाखान्याला ती पाहिली होती. मी परोपरीनं सांगितलं की गडद काच उजेड अडवते, पण स्वतः तापते आणि ती गरमी शेवटी घरातच सोडते. "मिस्त्री, तुमी बसवा हो. लोकांनी बघितलं पायजे," ते म्हणाले. बसवली. वर्षभरानं गेलो तर भर दुपारी घरात ट्यूबलाइट चालू आणि त्यांच्या सौभाग्यवती सुईत दोरा ओवायला उंबऱ्यात येऊन बसलेल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या. तुमचीच वाट बघत हुते." त्यानंतर जो अर्धा तास गेला तो मी इथं सांगत नाही.

तर पुढे मी यूपीव्हीसीकडे वळलो. हे एक टणक प्लास्टिक. चौकट आतून पोकळ असते, त्या पोकळीतही कप्पे असतात आणि मजबुतीला लोखंडी पट्टी. कप्प्यांत हवा अडकून राहते, म्हणून बाहेरची गरमी आत यायला वाट सापडत नाही. काचही एकेरी नाही, दुहेरी. दोन काचांच्या मध्ये बोटभर जागा, त्यात कोरडी हवा, चारही कडा सील केलेल्या. आणि खरी करामत असते ती एका काचेवरच्या थरात. डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ धातूचा मुलामा. तो उजेड येऊ देतो आणि उन्हातली बरीचशी गरमी अडवतो. हा थर बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला यावा लागतो. म्हणजे तापली तर बाहेरची काच तापते, आणि तिला वारा गार करतो. हाच थर चुकून आतल्या काचेवर आला, तर ती गरमी आतली काच पिते आणि तुमच्या खोलीत ओकत बसते. दिसायला दोन्ही सारख्याच. म्हणून कारखाना बाहेरच्या बाजूला एक कागदी चिठ्ठी चिकटवून देतो: ही बाजू बाहेर. आमचा सगळा जीव त्या चिठ्ठीत.

आता बाईंची गोष्ट सांगतो.

श्रीगोंद्याच्या पुढं एक गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बाईंनी अठ्ठावीस वर्षं शिकवलं, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होत्या. त्यांचं नाव मलाही नंतर कळलं, गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्या शाळेच्याच पायऱ्यांवरून घसरल्या. पाठीच्या वरच्या मणक्याला मार बसला. ऑपरेशन झालं, हात वाचले, पण छातीच्या खालचं अंग कायमचं गेलं. डॉक्टरांनी घरी सोडताना त्यांच्या यजमानांना एक गोष्ट बजावून सांगितली होती. अशा माणसाच्या निम्म्या अंगाला घाम येत नाही, त्यामुळं शरीर स्वतःला गार करू शकत नाही. खोली तापली की अंग तापतं, ताप चढतो, आणि तो जीवावर बेतू शकतो.

यजमान म्हणजे तात्या. उसाची शेती, तोंडानं फटकळ, हातानं उदार. त्यांनी बाईंसाठी नवं घर बांधायला काढलं. उंबरे नाहीत, चाकाची खुर्ची सगळीकडं फिरेल असं. बाईंनी फक्त एकच मागितलं. त्यांच्या खोलीची मोठी खिडकी पश्चिमेला हवी. कारण पश्चिमेला शाळा होती, आणि शाळा सुटल्यावर मुलं ज्या रस्त्यानं घरी जातात तो रस्ता थेट त्यांच्या खिडकीखालून जाणार होता.

पश्चिमेची खिडकी म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. दक्षिणेचं ऊन वरून येतं, त्याला छज्जा अडवतो. पश्चिमेचं ऊन तिसऱ्या प्रहरी आडवं होतं, छज्ज्याखालून वाकून थेट पलंगावर येऊन बसतं. पडदा लावावा तर रस्ता दिसत नाही. एसी लावावा, तर दुपारी गावात विजेचा दाब इतका उतरायचा की तो नुसताच घरघरायचा. तात्यांनी पुण्यात, नगरमध्ये चौकशी केली आणि कोणीतरी माझं नाव सांगितलं.

मी घर बघितलं, बाईंशी बोललो. त्यांनी मला वर्गात नव्या आलेल्या मुलासारखं प्रश्न विचारले. चौकट कशाची, काच कशाची, थर कुठं, हवा का, पाणी शिरलं तर काय. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मला उजेड मिळेल आणि ऊन मिळणार नाही. बरोबर?" मी म्हणालो, "बरोबर, बाई." "लिहून देता?" मी हसत हसत कागदावर लिहून दिलं आणि खाली सही केली. इतका माझा त्या मालावर विश्वास होता.

श्रावणात वास्तुशांत होती. आदल्या संध्याकाळी मी आणि माझा जोडीदार रफीक माल घेऊन पोचलो. रफीक वीस वर्षं माझ्याबरोबर होता, हात मापाला इतका पक्का की सुताचाही फरक पडायचा नाही. त्या संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघराची खिडकी बसवली, तीही पश्चिमेचीच. बाईंच्या खोलीच्या तीन काचा, मधली मोठी न उघडणारी आणि दोन्ही बाजूंच्या झडपांच्या दोन, पडवीत भिंतीला टेकवून ठेवल्या आणि सकाळी लवकर येतो म्हणून श्रीगोंद्याला मुक्कामाला गेलो.

सकाळी आलो तर काचा अशा लखलखत होत्या की मीच थबकलो. तात्यांच्या दोन बहिणी वास्तुशांतीला आल्या होत्या. नवी वस्तू घरात येतेय आणि तिच्यावर कसले मळके कागद चिकटलेत म्हणून दोघींनी पहाटेच काचा साबणानं धुतल्या, चिठ्ठ्या नखांनी खरवडून काढल्या, आणि प्रत्येक काचेला हळदीकुंकवाची बोटं लावली. कौतुकानं माझ्याकडं बघत होत्या. मी काय बोलणार?

रफीकनं हळूच विचारलं, "कौनसी बाजू बाहेर?" मी काचेकडं बघत विचार करत होतो, तेवढ्यात तात्या आले. "कुंकवाची बाजू आत घ्या, मिस्त्री. देवाची बाजू घरात पायजे."

इथं मला थांबायला हवं होतं. फोन करून कारखान्याला तपासायची रीत विचारता आली असती, अर्धा दिवस गेला असता इतकंच. पण भटजी येऊन बसले होते, मांडव भरला होता, आणि मी पडलो ख्रिस्ती माणूस. दुसऱ्याच्या पूजेच्या दिवशी, दुसऱ्याच्या कुंकवावर हुज्जत कशी घालायची? उगीच कोणाला वाटायचं, हा आपल्या देवधर्मात बोलतो. माझ्या आईनं लहानपणापासून बजावलं होतं, शेजारच्याच्या देवाबद्दल जीभ आवरायची. मी मान डोलावली. रफीकला म्हणालो, "कुंकू आत."

बाईंना खोलीत आणलं तेव्हा बाहेर ढगाळ होतं. खिडकीतून शाळेचं पटांगण, रस्ता, पलीकडचा ऊस, सगळं चित्रासारखं दिसत होतं. त्यांनी खुर्ची खिडकीशी घ्यायला लावली. मग म्हणाल्या, "मिस्त्री, बारा महिन्यांनी मला काहीतरी दिसतंय." मी मनातल्या मनात छाती फुगवून परत आलो.

ऑक्टोबरमध्ये तात्यांचा फोन आला.

"मिस्त्री, खिडकी लई झ्याक दिसती, पन खोलीची भट्टी झालीया. ढगं होती तवर कळलं न्हाई. आता तीन वाजले की बाईंचं अंग तापतंय. मी त्यांला मागल्या अंधाऱ्या खोलीत नेऊन ठिवतो ते पार दिवेलागणीपातुर. पोरं शाळंतनं जात्यात तवा त्या तिकडं भिताडाकडं तोंड करून पडलेल्या. काय उपेग? परवा गवंडी येतोय. खिडकी बुजवून टाकतो."

"बाई काय म्हणतात?"

"त्या काय म्हन्नार? परवा ताप चढला तवा डॉक्टरनंच सांगितलं, त्या खोलीत ऊन नको. मला खिडकी नको, मला बाई पायजे."

मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. अंगणात विटांचा ढीग पडला होता, वाळू आली होती.

चार वाजता मी त्या रिकाम्या खोलीत एकटा बसलो. ऊन सरळ काचेवर होतं. काचेला आतून हात लावला आणि झटकन काढून घेतला. चौकट पाहिली, गार. रबर पाहिलं, कुठं फट नाही. ओळंबा लावला, कोपरे तपासले, सील तपासलं, सगळं जागच्या जागी. मग स्वयंपाकघरात गेलो. तिथली काच त्याच कारखान्याची, त्याच खेपेतली, त्याच दिशेला, आणि बाहेर झाडाची सावलीसुद्धा नाही. तिला आतून हात लावला तर कोमट. मी या खोलीतून त्या खोलीत चार खेपा घातल्या. तात्या दारात उभे राहून बघत होते. "सापडलं?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. उभ्या धंद्यात इतकं लाजिरवाणं 'नाही' मी कधी उच्चारलं नव्हतं.

दिवेलागणीला तात्यांनी बाईंना परत पलंगावर आणलं. त्या महिन्यात त्या निम्म्या झाल्या होत्या. ओठ सुकलेले. तरी मला बघून म्हणाल्या, "या मिस्त्री. तुम्ही लिहून दिलेला कागद मी जपून ठेवलाय." टोमणा होता, पण आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं.

बाईंना देवघरापर्यंत जाता येत नसे, म्हणून तात्या रोज सांजेला निरांजन त्यांच्या खोलीत आणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे. त्या दिवशीही ठेवलं. बाईंनी हात जोडले, मग सहज म्हणाल्या, "मिस्त्री, एक शंका आहे. या काचेत मला रोज चार ज्योती दिसतात."

"दोन काचा, दोन-दोन बाजू. चार दिसणारच, बाई."

"ते मला कळलं हो. पण तीन पिवळ्या आणि एक जांभळट. माझ्याकडून मोजली तर दुसरी. ती एकटीच का वेगळी? तात्यांना सांगितलं तर म्हणतात, डोळे तपासून घेऊ."

फार वर्षांपूर्वी कारखान्याच्या माणसानं मला लायटर पेटवून हेच दाखवलं होतं. ज्या बाजूला मुलामा, तिची ज्योत रंग बदलते. मी तेव्हा जादूचा खेळ बघावा तसा बघितला आणि विसरलो, कारण चिठ्ठी असताना ज्योत कशाला हवी?

मी निरांजन उचललं आणि स्वयंपाकघरात धावलो. तात्या मागून ओरडले, "आवो, द्येवाचा दिवा कुटं न्हेता?" ते निरांजन मी तिथल्या काचेसमोर धरलं. चार ज्योती. आतून मोजली तर तिसरी जांभळट.

इथं तिसरी, तिथं दुसरी. म्हणजे इथं मुलामा बाहेरच्या काचेवर होता, जिथं असायला हवा तिथं. आणि बाईंच्या खोलीत आतल्या काचेवर. कुंकू चिठ्ठीच्याच, म्हणजे बाहेरच्या बाजूला लागलं होतं, आणि मी तिन्ही काचा उलट्या बसवल्या होत्या.

परत येऊन मी निरांजन कट्ट्यावर ठेवलं आणि खरं ते सांगून टाकलं. चिठ्ठ्या, साबण, कुंकू, आणि मी गप्प बसलो ते. तात्यांचा चेहरा लाल झाला. "म्हंजी म्हैनाभर या बाईचं अंग तापत हुतं ते तुमच्यामुळं?"

"हो," मी म्हणालो.

ते काचेकडं वळले. "बाजू तर मीच सांगितली तुमाला," असं पुटपुटले आणि पलंगाच्या कडेला बसून राहिले.

बाई माझ्याकडं बघत होत्या. "मिस्त्री, तुम्ही मला तेव्हा का नाही विचारलंत? मी शेजारच्याच खोलीत होते."

"पूजेचा दिवस होता, बाई. मला वाटलं, मी बोललो तर..."

"काचेला आत-बाहेर असतं, मिस्त्री. देवाला नसतं. चुकीच्या जागी मान राखलात तुम्ही." मग तात्यांकडं वळून म्हणाल्या, "आणि तुम्हीही दोष वाटत बसू नका. उलट्या केल्या तर चालेल का तेवढं विचारा."

चालणार होतं. काच धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आतून काढता येतात. काच बाहेर घ्यायची, फिरवायची, परत बसवायची. पण हे म्हणायला सोपं. ती मोठी काच दोन माणसांना जेमतेम पेलायची. काढताना कोपरा दगडाला लागला तर दुसरी यायला तीन आठवडे, आणि गवंडी दारात उभा. तात्या म्हणाले, "उद्याचा दिस देतो. उद्या सांजच्याला खोली गार न्हाई ऱ्हायली, तर परवा भिंत."

सकाळच्या पहिल्या गाडीनं रफीक आला. काचेला घट्ट चिकटणारे रबरी हात, ज्याला आम्ही सक्शन म्हणतो, ते घेऊन. गवंडीही आला होता, चाळिशीचा, गालात तंबाखू. काय चाललंय ते कळल्यावर तो म्हणाला, "लई बरं झालं. मला बाईंनीच शिकवलंय. त्यांची खिडकी बुजवायची म्हंजी हात धजत नव्हता माजा." आणि न सांगता त्यानं काचेची तिसरी बाजू धरली.

बाजूच्या दोन काचा सहज फिरल्या. मोठी काच मात्र चौकटीत अशी घट्ट बसली होती की तासभर ती हलेचना. रफीकनं माझ्याकडं बघितलं. मी पातळ पट्टी घेऊन खालच्या कोपऱ्यातून सील सोडवत गेलो, एक एक सूत. शेवटी 'चक्' असा आवाज झाला. काच फुटली नव्हती, सुटली होती.

बसवायच्या आधी बाईंनी निरांजन मागवलं. आम्ही तिघांनी काच त्यांच्यासमोर उभी धरली, तात्यांनी दिवा धरला, बाईंनी बोटानं मोजलं. "एक, दोन, तीन. तिसरी जांभळी. लावा." त्या दिवसापासून मी कुठल्याही घरी चिठ्ठीवर विसंबलो नाही. धंदा सोडेपर्यंत माझ्या पेटीत पटाशीशेजारी एक मेणबत्ती असायची. नवी पोरं हसायची, मग शिकायची.

दुपारी एक वाजता काम संपलं. तीन वाजता तात्या खुर्ची घेऊन आले, बाईंना मागच्या खोलीत न्यायला.

"आज मी इथंच," बाई म्हणाल्या.

"बाई, हट्ट करू नगा."

"मिस्त्रींनी लिहून दिलंय. मला बघायचंय ते खरं आहे का."

तात्या थर्मामीटर घेऊन शेजारी बसले. मी दाराशी. बाहेर रफीक आणि गवंडी विटांच्या ढिगावर टेकले. ऊन कलत कलत आलं, छज्ज्याखालून शिरलं आणि काचेवर येऊन थांबलं. साडेतीनला तात्यांनी थर्मामीटर लावला. ताप नाही. चारला लावला. नाही. साडेचारला पुन्हा लावला, उजेडात नेऊन उलटसुलट बघितला आणि मला दाखवला, जणू स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. मग उठून त्यांनी काचेवर पालथा हात ठेवला. काढला नाही. तसाच ठेवून उभे राहिले, पाठ आमच्याकडं करून. खांदे हलत होते. या फटकळ माणसाला रडताना बघून माझेही डोळे भरले, आणि मी ते पुसले नाहीत. एवढा आनंद मला माझ्या स्वतःच्या घराच्या वेळीही झाला नव्हता.

पाचला शाळेची घंटा झाली.

पटांगणात एकदम गलका उठला. पोरं रस्त्यावर आली. दप्तरं डोक्यावर, एकमेकांना ढकलत, धूळ उडवत. बाई कोपरांवर जेवढं उठता येईल तेवढ्या उठल्या. डोळे बारीक करून एकेकाला बघत होत्या. मग म्हणाल्या, "तात्या, झडप उघडा."

तात्यांनी बाजूची झडप उघडली. आणि त्या अंथरुणातून, वर्षभराहून अधिक कुजबुजल्यासारखं बोलणाऱ्या त्या बाईंच्या तोंडून असा आवाज निघाला की मी दारात सरळ उभा राहिलो.

"ए! तो निळ्या शर्टातला! दगड खाली टाक!"

रस्ता जागच्या जागी थांबला. दगड पडला. एक पोरगी ओरडली, "बाई हायत रं! बाई हायत तितं!" आणि सगळी पोरं धावत खिडकीखाली आली. लहानांनी तर त्यांना कधी बघितलंही नव्हतं, पण मोठी आली म्हणून तीही आली. तिकडं विटांच्या ढिगावर बसलेला गवंडी ताडकन उठला आणि त्यानं गालातला तंबाखू भिंतीच्या कडेला थुंकून टाकला.

बाईंनी काचेतून सगळ्यांवर एकदा नजर फिरवली. ताप नाही, ओठांवर हसू.

"हात दाखवा बघू," त्या म्हणाल्या. वीस-पंचवीस हात वर झाले. "उद्या सगळ्यांनी नखं कापून यायचं. मला इथून सगळं दिसतं."